दुनळीचा भाव

‘इंग्रजांच्या काळातली आहे, चार-पाच लाख तरी कुठे गेले नाहीत!’ ज्या घरात जुनी दुनळी बंदूक आहे, तिथे हे वाक्य कुणी ना कुणी म्हणतंच. आमच्यात ते मामेभावाने म्हटलं. मामा गेले, त्यांचा परवाना संपला आणि बंदूक जिल्ह्याच्या गावी शस्त्रविक्रेत्याकडे जमा झाली. तेव्हापासून हा लंडनच्या लिलावांतले पौंडांचे आकडे मोबाइलवर शोधतोय आणि त्यांचे रुपये करतोय.

त्याच्याबरोबर मीही दुकानात गेलो. दोन नळ्यांमधल्या पट्टीवर मुंबईतल्या एका जुन्या दुकानाचं नाव सुरेख अक्षरांत कोरलेलं. विक्रेत्या काकांनी त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पुढचं लाकूड काढलं, नळ्या सुट्या केल्या आणि उलट्या धरल्या. बंदुकीचा जन्मदाखला असतो तो तिथे, नळीच्या पोटाशी. बर्मिंगहॅमचं चाचणीगृह १८१३ सालचं, लंडनचं त्याहून जुनं. जास्तीचा बार भरून नळी उडवून पाहायची आणि टिकली तर शिक्का मारायचा, ही तिथली रीत. आमच्या नळीवर लंबगोलात ‘ई. एल. जी.’ निघालं. म्हणजे बेल्जियममधलं लिएज. तिथे बनलेल्या कितीतरी बंदुका दुकानदारांच्या नावाने विकल्या गेल्या. भावाचं लंडन तिथेच संपलं.

मग काकांनी नळ्या आकड्याला टांगून नखाने टिचकी मारली. ठणठणीत, लांबलेला नाद आला. पट्टीचा डाक कुठे सुटला असता तर आवाज बद्द आला असता. नळी उजेडाकडे धरून आत बघितलं, तर जुन्या दारूने खाल्लेले बारीक खड्डे. बाहेरून मात्र लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, जोडून केलेल्या दमास्कस नळीची ती नागमोडी नक्षी. बघत राहावी अशी! पण या नळ्या काळ्या दारूच्या जमान्यातल्या. धूररहित दारूचा दाब सोसल्याचा वेगळा शिक्का नसेल, तर खडकीच्या कारखान्याचं आजचं काडतूस त्यात घालण्यात जिवाला धोका. म्हणजे ही बंदूक शोभेची. पण चालण्याजोगी आहे तोवर भिंतीवर टांगायलाही परवाना लागतोच. त्यातून सुटका फक्त जुनाट, उडवताच न येणाऱ्या शस्त्राला.

खरी मेख पुढे आहे. गिऱ्हाईक कोण? १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारीचा शौक संपवला. उरले ते परवानाधारक. त्यांनाही शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीपासून तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात. तिसरं काढून टाकायची वेळ आली तेव्हा अनेकांनी घरातली जुनी दुनळीच पुढे केली असणार. कोकणात पीक राखायला बंदूक घेणाऱ्या शेतकऱ्याला नक्षीशी काय देणंघेणं? त्याला डुकरावर चालणारी भरवशाची नळी हवी. लंडनला पाठवावी, तर शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू ठरते आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. मोबाइलवरचे पौंड मोबाइलवरच राहतात.

भाव करतानाही घाई चालत नाही. परवानाधारकाला परस्पर विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलिस ठाण्याला आधी लेखी कळवायचं आणि पंचेचाळीस दिवस थांबायचं. दरम्यान दुकानात ठेवल्याचं भाडं चालू. वारसाच्या नावाने परवाना झालेला नसला, की घरचे कंटाळतात आणि विक्रेता म्हणेल त्या रकमेला मान डोलावतात.

म्हणून ज्यांच्या घरी अजून आजोबा किंवा काका परवानाधारक आहेत, त्यांनी किंमत नंतर विचारावी. परवानाधारक सत्तरीचा झाला किंवा पंचवीस वर्षं शस्त्र त्याच्याकडे असलं, तर हयातीतच वारसाच्या नावाने परवाना मागता येतो. २०१६च्या शस्त्र नियमांत तशी सोय आहे. तो कागद हातात असेल तर चांगलं गिऱ्हाईक मिळेपर्यंत थांबता येतं. मामेभावाने अखेर लिलाव बघणं सोडून वारसाचा अर्ज भरलाय. मामांनी सत्तरी ओलांडली तेव्हाच तो भरला असता, तर आज भाव सांगायची पाळी त्याची असती.