पूर ओसरल्यावर घराची दुरुस्ती कोणाच्या हाती द्यायची?

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले आणि असंख्य घरांचे तळमजले बुडाले. महाडमध्ये सावित्री नदीने तेच केले. त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरने हे भोगले होते. अशा वेळी चर्चा होते ती धरणातून सोडलेल्या पाण्याची, नदीतल्या गाळाची आणि पूररेषेची. ती व्हायलाच हवी. पण पाणी ओसरले की प्रत्येक कुटुंबापुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो आणि त्यावर फारसे कुणी बोलत नाही. भिजलेले घर दुरुस्त करायला बोलवायचे कोणाला आणि त्याला हे काम येते हे ओळखायचे कसे?

२०२१ च्या पुरानंतर राज्य सरकारने ११,५०० कोटींचे पॅकेज जाहीर केले. एका बाधित कुटुंबाच्या हाती येणारे सानुग्रह अनुदान होते १० हजार रुपये. एवढ्यात घराचे वायरिंगही नव्याने होत नाही. बाकीचा पैसा येतो तो बचतीतून, दागिने गहाण टाकून, नाहीतर दुबई-कुवेतला राबणाऱ्या मुलाकडून. तो चुकीच्या माणसाच्या हाती पडला, तर पुढच्या पावसाळ्यात तेच काम पुन्हा काढावे लागते.

अडचण अशी की, आपल्याकडे गवंडी, रंगारी किंवा ‘वॉटरप्रूफिंगवाला’ म्हणून काम घ्यायला परवाना लागत नाही. कुणीही कार्ड छापून दारात उभा राहू शकतो. पुरानंतर तर कारागीर मिळत नाहीत, मग जो येईल तो सांगेल तो दर. म्हणून पारख करण्याची जबाबदारी घरमालकावरच येते. आमच्या मते सर्वात आधी ‘सगळं काम एकच माणूस करील’ ही अपेक्षा सोडली पाहिजे.

वीज हे पहिले काम आणि त्याला मात्र परवाना लागतो. राज्यात विद्युत ठेकेदाराला परवाना दिला जातो. तो पाहायला मागा, त्याची मुदत तपासा. पाण्यात बुडालेले स्विच, सॉकेट आणि एमसीबी वाळवून पुन्हा वापरू नयेत, ते बदलावेच लागतात. तपासणी होईपर्यंत मेन स्विच बंद ठेवावा. ‘पंख्याखाली वाळवा, चालतंय’ असे म्हणणारा वायरमन आपला नव्हे.

दुसरे काम इमारतीच्या मजबुतीचे. भिंतीला तिरकी भेग गेली असेल, जमीन खचली असेल, कॉलमचे काँक्रीट सुटून सळई दिसत असेल, तर गवंड्याचे मत पुरेसे नाही. तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरच हवा आणि त्याचा अहवाल लेखी हवा. सोसायटीत राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की, आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे जुन्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर ३ वर्षांनी व्हायला हवे.

तिसरे काम ओल काढण्याचे, आणि सर्वात जास्त फसवणूक इथेच होते. कोकणातल्या जुन्या घरांच्या भिंती चिऱ्याच्या. चिरा सच्छिद्र असतो, तो पाणी पितो आणि फार सावकाश सोडतो. जुलैत भिजलेली भिंत पावसाळा संपेपर्यंत नीट वाळतच नाही. अशा भिंतीवर आठ दिवसांत पुट्टी आणि रंग चढवला, तर दिसायला घर नवे होते, पण आतली ओल बाहेर येतेच. आधी पांढरा खार फुटतो, मग पोपडे सुटतात, मग बुरशी. ज्या घरात लहान मुले किंवा दम्याचे रुग्ण आहेत, तिथे ही बुरशी आजाराला निमंत्रण ठरते.

जाणता ठेकेदार आधी पाणी कुठून येते ते शोधतो, गाळ काढतो, पोकळ वाजणारे प्लास्टर काढून टाकतो, भिंत वाळू देतो आणि रंगाची गोष्ट शेवटी काढतो. भिंत वाळली का, हे घरीही पाहता येते. प्लास्टिकचा एक तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा आणि एक दिवस तसाच ठेवा. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले, तर रंगाची घाई नको.

आता कागदाविषयी. आपल्याकडे ‘ओळखीचा माणूस आहे, लिहून काय घ्यायचं’ म्हणून सगळे तोंडी ठरते. मालक परदेशात असेल, तर व्हॉट्सअॅपवर चार फोटो येतात आणि पैसे जातात. फोटोत रंग दिसतो, ओल दिसत नाही. म्हणून दोन-तीन जणांकडून लेखी अंदाजपत्रक घ्या. त्यात कोणते काम, किती चौरस फूट, कोणत्या कंपनीचा माल, किती दिवस आणि हमी किती वर्षांची, हे स्पष्ट असावे. त्याने मागच्या वर्षी केलेले एखादे घर, एक पावसाळा उलटल्यावर, स्वतः किंवा विश्वासातल्या नातेवाइकाला पाठवून पाहा. पैसे टप्प्याटप्प्याने द्या, आणि शेवटचा हप्ता पुढचा जोराचा पाऊस पाहून द्यायचा, हे आधीच लिहून ठेवा.

पक्क्या बिलाचे आणखी दोन उपयोग आहेत. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही घरासाठीची प्रमाणित विमा पॉलिसी मिळते, तिच्यात पुराचे नुकसान धरलेले आहे. ज्यांनी ती घेतली आहे त्यांनी दुरुस्तीला हात लावण्याआधी विमा कंपनीला कळवावे, सर्व्हेअरला नुकसान दाखवावे आणि तलाठ्याचा पंचनामाही करून घ्यावा. दुसरे म्हणजे, काम निकृष्ट निघाले तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगात तक्रार करता येते. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल, तर तक्रारीला शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पण हातात कागदच नसेल, तर तिथे सांगणार काय?

हा भार एकट्या कुटुंबावर टाकून चालणार नाही. पूर दर काही वर्षांनी येणार हे माहीत असलेल्या शहरांतल्या नगरपालिकांनी परवानाधारक विद्युत ठेकेदार, इंजिनिअर आणि अनुभवी कारागिरांची यादी दरांसह मे महिन्यातच जाहीर करावी. पुरात जमाती आणि मोहल्ला कमिट्या जेवण, चादरी, औषधे पोहोचवतात, चिखल काढायला आपली पोरे सगळ्यांच्या दारात जातात. त्याच कमिट्यांनी आपल्या भागातल्या दोन-चार इंजिनिअर मुला-मुलींना घेऊन अंदाजपत्रके तपासून देण्याचे काम सुरू केले, तर विधवा, वृद्ध आणि ज्यांचे कर्ते माणूस परदेशात आहे अशा घरांचे हजारो रुपये वाचतील. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. पावसाळ्याआधी एक बैठक घ्यावी लागते.