एंटर दाबल्यावर काय व्हावं?

परवा शनिवारी सोलापुरात आईला लॅपटॉपवर एका आऊटलायनरमध्ये (नाव नको!) गड्ड्याच्या पाहुण्यांची यादी करायला शिकवत होतो. कर्सर ओळीच्या मधोमध असताना तिने एंटर दाबलं. ओळीचे दोन तुकडे! "माझंच चुकलं रे," म्हणून तिने सरळ वही काढली.

मी म्हणणार होतो, "अगं, सेटिंग बदलता येतं!" मग गप्प बसलो. कार्स्टन डॉमिनिक यांनी 2003 मध्ये सुरू केलेल्या ऑर्ग-मोडचंच बघा ना. तिथेही ऑल्ट-एंटर मधोमध दाबलं की डिफॉल्टने मथळा तुटतो. ते बंद करता येतं, शिवाय कंट्रोल-एंटर काही न तोडता नवा मथळा देतं. पण हे कुणाला माहीत? मॅन्युअल वाचणाऱ्याला!

एंटरने ओळ तुटावी हे लॉजिक नोटपॅडपासूनचं, मान्य. पण यादीतली ओळ म्हणजे एक आख्खा मुद्दा. माझं मत साधं आहे: चुकून दाबलेल्या बटणाने लिहिलेलं मोडू नये, हे डिफॉल्ट. तोडायची हौस असलेल्या आपल्यासारख्यांनी सेटिंग्ज धुंडाळावीत. आपल्याला ती सापडतात. आईला वही सापडते.

असो. यादी वहीत पूर्ण झाली :-)