शेजारी तालुके दोन, निकालाची तऱ्हा वेगळी

१,५२३. हा आकडा जरा लक्षात ठेवा. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत आंबेगावचा निकाल एवढ्या मतांनी लागला. दिलीप वळसे पाटील यांना १,०६,८८८ मतं आणि देवदत्त निकम यांना १,०५,३६५. त्याआधी पाच वर्षं, २०१९ ला, याच मतदारसंघात वळसे पाटील ६६,७७५ मतांनी निवडून आले होते. सहासष्ट हजारांवरून थेट दीड हजारावर! आपल्याकडच्या एखाद्या बऱ्यापैकी कॉलेजात याहून जास्त पोरं शिकतात.

गंमत इथंच संपत नाही. त्याच निवडणुकीत निकम यांच्याच नावाचा आणि आडनावाचा एक अपक्ष उभा होता. निकमांचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस, तर या अपक्षाचं ट्रम्पेट. अपक्षाला मिळाली २,९६५ मतं, म्हणजे मताधिक्याच्या जवळपास दुप्पट. ही सगळी मतं चुकून पडली असं कुणी सिद्ध करू शकत नाही, आणि ती नसती तर निकाल फिरलाच असता असंही छातीठोक सांगता येत नाही. पण मशीनसमोर उभं राहिल्यावर नाव, फोटो आणि चिन्ह या तिन्ही गोष्टी नीट बघायच्या असतात, एवढं तरी यातून समजायला हरकत नाही.

आता जरा उत्तरेला, जुन्नरला जाऊ. त्याच दिवशी तिथं शरद सोनवणे अपक्ष म्हणून निवडून आले. त्यांना ७३,३५५ मतं, दुसऱ्या क्रमांकाच्या सत्यशील शेरकर यांना ६६,६९१. फरक ६,६६४. विद्यमान आमदार अतुल बेनके तिसऱ्या नंबरावर गेले. रिंगणात आशाताई बुचके होत्या, वंचितकडून देवराम लांडे होते. मतं इतकी वाटली गेली की साधारण एक तृतीयांश मतांवर आमदार झाला.

दोन्ही तालुके शेजारी. दोघांचा खासदार एकच, शिरूरचा. धरणं एकाच कुकडी प्रकल्पातली. कांदा, टोमॅटो, ऊस, दूध, बिबट्या, पुणे-नाशिक हायवेचं ट्रॅफिक, सगळं सारखंच. तरी एका तालुक्यानं एकाच माणसाला सलग आठ वेळा निवडून दिलं आणि दुसऱ्याला आमदार बदलल्याशिवाय चैन पडत नाही. असं का?

एक नाव, आठ निवडणुका

वळसे पाटील पहिल्यांदा निवडून आले १९९० ला, काँग्रेसकडून. त्या वर्षी पहिलं मत टाकलेला अठरा वर्षांचा पोरगा २०२४ ला बावन्न वर्षांचा झाला होता. मधल्या काळात १९९५ ला राज्यात युतीची लाट आली, आंबेगाव हललं नाही. १९९९ ला राष्ट्रवादी स्थापन झाली, वळसे पाटील शरद पवारांबरोबर गेले, तालुका त्यांच्यामागे गेला. विधानसभेचं अध्यक्षपद, ऊर्जा, गृह, सहकार अशी खाती त्यांनी सांभाळली. २०२३ ला पक्ष फुटला, ते अजित पवारांबरोबर गेले. तेव्हा मात्र तालुका उभा दुभंगला. समोर उभे राहिलेले निकम काही बाहेरचे नव्हते. ते भीमाशंकर कारखान्याचे माजी अध्यक्ष आणि २०१४ ला राष्ट्रवादीचे लोकसभेचे उमेदवार, म्हणजे त्याच फळीत वाढलेले.

जुन्नरचं पुस्तक वेगळं. १९९५ आणि १९९९ ला शिवसेनेचे बाळासाहेब दांगट. २००४ आणि २००९ ला राष्ट्रवादीचे वल्लभ बेनके, ज्यांनी एकूण चार वेळा तालुक्याचं प्रतिनिधित्व केलं. २०१४ ला शरद सोनवणे, तेही मनसेकडून. त्या वर्षी अख्ख्या महाराष्ट्रात मनसेचा एकच आमदार निवडून आला आणि तो जुन्नरचा होता. २०१९ ला वल्लभशेठ यांचे चिरंजीव अतुल बेनके, राष्ट्रवादी. तेव्हा सोनवणे शिवसेनेकडून लढले आणि पडले. २०२४ ला पुन्हा सोनवणे, आता अपक्ष. म्हणजे २०१४ पासून दर वेळी आमदार बदलला. शिवसेना, राष्ट्रवादी, मनसे, पुन्हा राष्ट्रवादी आणि अपक्ष, सगळं या तालुक्यानं करून बघितलं.

कट्ट्यावर यावर दोन ठरलेली वाक्यं ऐकू येतात. जुन्नरकर म्हणतात, ‘आम्ही कुणाला डोक्यावर बसू देत नाही.’ आंबेगावकर म्हणतात, ‘आमच्याकडं कामं झाली, म्हणून माणूस टिकला.’ दोन्ही वाक्यांत थोडं थोडं खरं आहे, पण पूर्ण उत्तर एकातही नाही.

सत्ता कुठं बसते?

आमदारकी कळायची असेल तर आधी कारखाना, बाजार समिती, पतसंस्था आणि दूध संघ बघावा लागतो. आंबेगावात भीमाशंकर कारखाना वळसे पाटलांनी उभा केला. कारखाना जिथं आहे त्या जागेचं नावच दत्तात्रयनगर, त्यांच्या वडिलांच्या नावावरून. वडील दत्तात्रय वळसे पाटील हेही आमदार होते. ऊस, नोकरी, कर्ज आणि आमदारकी यांच्या दोऱ्या वर्षानुवर्षं एकाच गटाच्या हातात राहिल्या. विरोधक उभे राहत होते, पण त्यांना पाय ठेवायला जागा नव्हती. ती जागा मिळाली ती गट आतून फुटला तेव्हा.

जुन्नरात असं एकच केंद्र कधी झालं नाही. विघ्नहर कारखाना शेरकर घराण्याकडं. त्याच घरातले निवृत्तीशेठ शेरकर १९९६ ला खेडचे खासदार झाले. आमदारकी कधी दांगटांकडं, कधी बेनक्यांकडं. जुन्नर, नारायणगाव, ओतूर, आळेफाटा, प्रत्येक बाजारपेठेचं स्वतःचं राजकारण. त्यामुळं कुणी एक माणूस सगळा तालुका मुठीत धरू शकला नाही. दर निवडणुकीत तीन-चार तगडे उमेदवार आणि मतांची वाटणी ठरलेली.

म्हणजे जुन्नरचा माणूस फार जागरूक आणि आंबेगावचा फार निष्ठावान, असलं काही नाही. संस्था एका हातात आहेत की अनेक हातांत, यावर बरंच काही ठरलं. ‘विधानसभेला बघू’ म्हणत आपण सोसायटीची आणि ग्रामपंचायतीची निवडणूक सोडून देतो, पण डाव तिथंच मांडला जातो.

माणूस बघून मत, पण मग हिशेब?

दोन्हीकडं एक गोष्ट मात्र सारखी. इथं पक्षापेक्षा माणूस मोठा. २००४, २००९ आणि २०१४ या तिन्ही वर्षी शिवाजीराव आढळराव पाटील शिवसेनेचे खासदार झाले. गाव त्यांचं लांडेवाडी, आंबेगाव तालुक्यातलंच. त्याच तिन्ही वर्षी विधानसभेला आंबेगावनं राष्ट्रवादीचे वळसे पाटील निवडले. पुढं २०२४ ला तेच आढळराव अजित पवारांच्या राष्ट्रवादीकडून लढले आणि अमोल कोल्हेंकडून हरले. सोनवण्यांचा प्रवास वर वाचलाच. झेंडा बदलतो, चिन्ह बदलतं, माणूस तोच. मतदारालाही त्याचं फार काही वाटत नाही.

माणूस बघून मत देणं वाईट नाही. पण त्याला एक अट आहे. पक्षाचा जाहीरनामा आपण वाचत नाही, तर मग त्या माणसाचं काम तरी वाचलं पाहिजे. ते आपण करतो का? वाढदिवसाचा फ्लेक्स, लग्नातली हजेरी, दहाव्याला आले की नाही, यात्रेतला सत्कार, यावर आपलं मत बनतं. सभागृहात त्यांनी कोणता प्रश्न मांडला, हे आपल्याला माहीतच नसतं.

आणि प्रश्न थोडे आहेत का? ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळालं ते जुनं आंबेगाव डिंभे धरणात गेलं. त्याच डिंभ्याचं पाणी बोगद्यानं माणिकडोहकडं न्यायचं की नाही, यावर आजही भांडण आहे. पश्चिम पट्ट्यातल्या आदिवासी गावांचा हिरड्याचा भाव आणि नुकसानभरपाई हा प्रत्येक भाषणातला विषय, पण तो सुटत नाही. ३० जुलै २०१४ ला माळीण डोंगराखाली गेलं, १५१ माणसं गेली. त्यानंतर तिथल्या बाकीच्या डोंगरकुशीतल्या गावांचं काय झालं, हे आपण किती वेळा विचारलं? पुणे-नाशिक रेल्वे मंचर, नारायणगाववरून जाणार म्हणून आपण किती वर्षं स्वप्न बघितलं. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीची अडचण पुढं आली आणि मार्गच दुसरीकडं वळवायचं ठरलं. त्याचा पाठपुरावा कुणी किती केला?

बिबट्याचंच घ्या. डिसेंबर २०२५ मध्ये नागपूर अधिवेशनाला आमदार सोनवणे बिबट्याच्या पोशाखात विधानभवनात आले. रील तुम्ही पाहिलीच असेल, कदाचित पुढंही पाठवली असेल. लक्ष वेधलं गेलं, हे चांगलंच झालं. पण रील संपल्यावर विचारायचं असतं ते वेगळंच. पिंजरे किती वाढले? रात्री पाणी धरायला लागू नये म्हणून दिवसा थ्रीफेज लाइट मिळाली का? ऊसतोड मजुरांच्या कोप्यांना काही संरक्षण आहे का? हे प्रश्न जुन्नरच्या आमदारांना विचारायचे तसेच आंबेगावच्या आमदारांनाही.

आपला आकडा

नुसता आमदार बदलत राहिला की प्रश्न सुटतात, असं जुन्नरकडं बघून म्हणता येत नाही. माणूस टिकला, मंत्री झाला की सगळे प्रश्न सुटतात, असं आंबेगावकडं बघूनही म्हणता येत नाही. सत्तेवरच्या माणसाला मतदाराची थोडी धास्ती लागते. ६६ हजारांच्या लीडला ती वाटत नाही, दीड हजाराच्या लीडला वाटते. त्या अर्थानं आंबेगावचा मतदार आज गेल्या पस्तीस वर्षांत नव्हता एवढ्या वजनाचा आहे. जुन्नरचा तर होताच. पण मतं विखुरली की ते वजनही विखुरतं, हे त्यानं ध्यानात ठेवावं.

या वजनाचं काय करायचं ते आपल्या हातात आहे. आपल्यातले कितीतरी जण शिकायला पुण्यात राहतात. मतदानाच्या दिवशी ‘कोण जाणार गावाला’ म्हणून रूमवर झोपतात. काहींचं नाव यादीतच नसतं. नावनोंदणीचा सहा नंबरचा फॉर्म मोबाइलवरून भरता येतो, सतरा पूर्ण झाली की आगाऊ अर्जही करता येतो. हे काम निवडणूक लागल्यावर नाही, आज करायचं.

दुसरं काम जरा कष्टाचं. आपल्या गावचा एक प्रश्न निवडा, फक्त एक. त्यावर आपल्या आमदारांनी अधिवेशनात काय विचारलं, सरकारनं काय उत्तर दिलं, हे शोधा. विधानमंडळाच्या वेबसाइटवर कामकाज असतं, नाही सापडलं तर माहितीचा अधिकार आहे. सापडलं ते ग्रामसभेत वाचून दाखवा. पाच-दहा गावांतल्या पोरापोरींनी एवढं केलं, तरी पुढच्या वेळी प्रचाराला येणाऱ्या कोणत्याही पक्षाच्या उमेदवाराला फ्लेक्सवर भागवता येणार नाही.