घरचे आरोग्य : हवा बाहेर पडत नाही तेव्हा

दम लागला की मनुष्य हवा आत ओढण्याची धडपड करतो. वातस्फीती, अर्थात डॉक्टर ज्याला एम्फिसीमा म्हणतात, त्या विकारात खरी अडचण उलट असते. हवा आत जाते. ती पुरेशी बाहेर पडत नाही.

आपल्या फुप्फुसांत कोट्यवधी सूक्ष्म वायुकोश असतात. त्यांच्या भिंती लवचिक, म्हणून उच्छ्वास विनासायास घडतो. वर्षानुवर्षे धूर आत गेला की या भिंती विरतात, शेजारचे कोश एकमेकांत मिसळून मोठ्या पोकळ्या होतात आणि ताण गेलेल्या रबराप्रमाणे फुप्फुसे नीट आकसेनाशी होतात. प्राणवायू रक्तात मिसळण्याची जागाही त्यामुळे घटते.

धूर म्हटला की विडी-सिगारेट आठवते, आणि ते योग्यच आहे. परंतु विडीला जन्मात न शिवलेल्या, चुलीपुढे शेणी-लाकडे फुंकण्यात तीस-चाळीस वर्षे घालविलेल्या गृहिणीलाही हा आजार जडतो. ती जिन्यात मध्येच थांबते आणि घरची मंडळी म्हणतात, ‘वय झाले आता!’ २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून गॅस पुष्कळ घरांत पोहोचला. तथापि भाकरीसाठी व अंघोळीच्या पाण्यासाठी चूल पेटत असेल, तर धूर घरात आहेच. अशा गृहिणीची स्पायरोमीटरच्या नळीत जोराने फुंकण्याची साधी, वेदनारहित तपासणी अवश्य करवावी.

नष्ट झालेले वायुकोश औषधाने परत येत नाहीत. तसे आश्वासन देणाऱ्यापासून दूर राहावे. मात्र धूम्रपान सोडल्यास पुढील ऱ्हास मंदावतो, हे फ्लेचर व पीटो या ब्रिटिश संशोधकांनी १९७७ मध्ये दाखविले. ‘पंपाची सवय लागते’ ही भीती निराधार आहे. त्यातील औषध थेट श्वासनलिकांत पोहोचते, म्हणून अल्प मात्रा पुरते. फ्लू व न्यूमोनियाच्या लशींविषयी आणि झेपेल अशा व्यायामाविषयी डॉक्टरांना विचारावे. दम लागल्यास नाकाने दोन अंक श्वास घ्यावा व शीळ घालताना करतो तसा ओठांचा चंबू करून चार अंक सावकाश सोडावा. नलिका त्यामुळे मिटत नाहीत आणि अडकलेली हवा निघते.

रक्तातील प्राणवायू फारच घटलेल्या रुग्णांना तो दिवसातून किमान पंधरा तास दिल्यास आयुष्य वाढते, असे १९८१ च्या ब्रिटिश चाचणीत आढळले. ही नळी लावलेल्या रुग्णाजवळ विडी, उदबत्ती, समई काहीही पेटवू नये, आणि त्याने स्वयंपाकघरात बसू नये.