कॉलेजच्या पोराला नुसता शिक्का देऊ नका



तुमचं दुकान असो नाहीतर छोटं वर्कशॉप, एक दिवस कॉलेजचा पोरगा येणार. "सर, ऑन जॉब ट्रेनिंगचं सर्टिफिकेट पाहिजे होतं. शिक्का मारून देता का?" नव्या शैक्षणिक धोरणात पदवीला फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन जॉब ट्रेनिंग आलंय, त्याचे क्रेडिट मिळतात. सॉफ्ट स्किल्सचेही पेपर आहेत. कागदावर सगळं झकास. आणि आपण काय करतो? ओळखीचा आहे म्हणून शिक्का मारून मोकळे!

मला विचाराल तर यात कॉलेजइतकाच आपलाही दोष आहे.

साताऱ्यात ही गोष्ट नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. १९४७ ला साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केलं, ते 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर. शेतात काम करायचं आणि शिकायचं. आज कुठले तास, किती माणसं, काम कधी संपणार, हे फळ्यावर शिकवावं लागत नव्हतं. आणि स्वतः कर्मवीर? संस्थेआधी ते किर्लोस्करांचे नांगर विकत फिरलेले. लोखंडी नांगराने जमीन नासते, असं शेतकरी म्हणायचे तो काळ. अशा माणसाला नांगर घ्यायला लावणं, याहून मोठं सॉफ्ट स्किल कुठलं?

आता तासगावकडचा बेदाणा घ्या. द्राक्षं उतरायच्या आधी शेड मोकळं पाहिजे, मजुरांची टोळी ठरलेली पाहिजे, डिपिंगचं साहित्य आणून ठेवलेलं पाहिजे. माल जाळीवर पडला की पंधरवडाभर आभाळाकडे डोळे. मधेच अवकाळी आला की बेदाणा काळा पडतो, भाव पडतो. ताडपत्री कुठाय, रात्री कोण उठणार, हे आधी ठरवलं तोच वाचतो. याला पुस्तकात रिस्क मॅनेजमेंट म्हणतात. पोरगं त्याची व्याख्या पाठ करतं, गॅंट चार्ट काढतं, आणि घरच्या शेडवर मात्र बाप एकटा पळत असतो. (त्याच शेडचा प्रोजेक्ट करून दे म्हणून सांगणारे प्राध्यापकही आहेत, पण कमी.)

शिकायला पैसे लागतात, वेळ लागतो, हे मान्य. सीझनमध्ये नवख्याला कोण सांभाळणार? पण उद्या तुम्हालाच माणूस लागणार आहे, आणि तेव्हा 'पोरांना काही येत नाही' म्हणून तुम्हीच ओरडणार.

म्हणून पुढचा पोरगा आला की पहिल्या दिवशी त्याच्या हातात उधारीची वही द्या. तीन जुन्या गिऱ्हाइकांना त्याच्याकडून फोन लावून घ्या, तुम्ही शेजारी बसा. दुसऱ्या आठवड्यात एक ऑर्डर पूर्ण त्याच्यावर सोपवा, माल आणण्यापासून पावतीपर्यंत. चुकू द्या, फक्त छोटी ऑर्डर द्या. शिक्का त्यानंतर.