जपानमधील ‘इंडियन करी’ आणि आपले ताट

अलीकडे आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबे जपानचा प्रवास करू लागली आहेत. लोद, अश्दोद, दिमोना येथील आपले आप्त सहलीसाठी जातात. आणि सिअ‍ॅटलनजीकच्या आमच्या बॉथेल गावातील कुटुंबे मुंबईला जाता-येता पॅसिफिकच्या वाटेने टोकियोत चार दिवस मुक्काम करतात. निघण्यापूर्वी प्रत्येकाचा एक प्रश्न ठरलेला असतो : तेथे चांगली भारतीय करी कोठे मिळेल? पत्त्यांची यादी देऊन या प्रश्नाचे उत्तर आम्हांस देता आले असते. परंतु उपाहारगृहे आज उघडतात आणि उद्या बंद होतात. शोधण्याची रीत तेवढी टिकते. म्हणून त्या रीतीविषयीच येथे चार शब्द लिहीत आहोत.

बॉथेलमधील आमच्या परिचयाचे एक कुटुंब नुकतेच जपानला जाऊन आले. आजी, मुलगा, सून आणि दोन नातवंडे असा परिवार. तिसऱ्या दिवशी सुशी आणि नूडल्सला कंटाळलेल्या मुलांना एका गल्लीत ‘इंडियन’ अशी पाटी दिसली. सर्वजण आनंदाने आत गेले. थोरल्या नातवाने बटर चिकन आणि ताटाबाहेर लोंबणारा चीज नान मागविला आणि आजीपुढे सरकवीत म्हटले, “आजी, खा ना, हे तर आपलंच जेवण आहे.” आजी म्हणाल्या, “आपलं केव्हापासून, बाळा? कोंबडीत लोणी आणि साय घालून आपल्या घरात कोणी शिजवलं?” त्यांनी साधा भात मागवून घेतला आणि पिशवीतले लोणचे काढले.

ही हकीकत आम्हांस हसत हसत सांगण्यात आली. परंतु आजींच्या त्या एका प्रश्नात दोन प्रश्न दडलेले आहेत. हे जेवण अस्सल भारतीय आहे काय, हा पहिला. आणि ते आपले आहे काय, हा दुसरा. प्रवासात आपण पहिला प्रश्न हौसेने विचारतो आणि दुसरा विसरतो, असे आमचे नम्र मत आहे.

प्रथम अस्सलपणाचा विचार करू. जपानी लोकांना करीची ओळख भारताने करून दिली नाही. मेईजी काळात ती इंग्रजांच्या मार्फत तेथे पोहोचली. १८७२ साली जपानमध्ये प्रसिद्ध झालेल्या पाश्चात्त्य पाककलेच्या एका पुस्तकात करीची जी कृती दिली आहे, तिच्यात बेडकाचे मांस घालावयास सांगितले आहे! पुढे आरमाराने ही करी खलाशांच्या जेवणात घेतली आणि तेथून ती घरोघर गेली. गव्हाच्या पिठाने दाट केलेली, गोडसर, भातावर ओतलेली ही करी आज जपानचे स्वतःचे अन्न झाले आहे. तिच्यासाठी दुकानात ज्या तयार वड्या मिळतात, त्यांतील पुष्कळशा वड्यांत गाईची किंवा डुकराची चरबी असते. तेव्हा ‘करी’ हा ओळखीचा शब्द ऐकून कोणीही निर्धास्त होऊ नये.

खऱ्या भारतीय करीचा तेथील इतिहास निराळा आहे आणि तो प्रत्येक भारतीयाने अभिमानाने सांगावा असा आहे. १९१२ साली दिल्लीत लॉर्ड हार्डिंग यांच्यावर झालेल्या बाँबहल्ल्याच्या प्रकरणात इंग्रज सरकार ज्यांच्या मागावर होते, ते क्रांतिकारक रासबिहारी बोस १९१५ साली जपानला निसटले. टोकियोतील शिंजुकू भागात नाकामुराया नावाची पावभट्टी चालविणाऱ्या सोमा दांपत्याने त्यांना लपवून ठेवले. पुढे १९१८ साली त्यांच्याच कन्येशी बोसबाबूंचा विवाह झाला. ती साध्वी १९२५ साली वारली. १९२७ साली नाकामुरायाने उपाहारगृह काढले, तेव्हा आपल्या देशाची खरी करी जपान्यांना खाऊ घालावी, ही बोसबाबूंची इच्छा तेथे पूर्ण झाली. इतरत्र दहा-बारा सेनला करी मिळत असता हिची किंमत ८० सेन होती. तरीही लोक आले. बोसबाबू १९४५ च्या जानेवारीत परलोकवासी झाले, परंतु ती करी नाकामुरायात आजही वाढली जाते. त्यांच्यामागून ए. एम. नायर या दुसऱ्या देशभक्ताने १९४९ साली गिंझा भागात आपले उपाहारगृह उघडले.

आता गंमत पाहा. नाकामुरायाची ती करी हाडासकट कोंबडीची असते आणि तिच्यात दही असते. म्हणजे जपानमधील सर्वांत इतिहासप्रसिद्ध भारतीय करी अस्सल आहे, आदरणीय आहे, आणि तरीही आपली नाही. कापणीचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी मांस व दूध एकत्र करण्यास तोराची मनाई आहे. आपल्या पूर्वजांनी कोकणात शेकडो वर्षे हीच मनाई पाळली आणि मटणाच्या रश्शाला दह्याऐवजी नारळाचे दूध घातले. अस्सल आणि आपले हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत, याचा याहून स्पष्ट दाखला आम्हांस सापडत नाही.

मग प्रवाशाने करावे काय? आमच्या अल्पमतीप्रमाणे पहिली गोष्ट ही, की पाटी पाहू नये, गिऱ्हाईक पाहावे. ‘इंडियन’ पाटीच्या पुष्कळशा दुकानांचे मालक व आचारी आज नेपाळी बांधव आहेत. ते कष्टाळू आहेत, अगत्यशील आहेत आणि जपानी गिऱ्हाइकाला जे आवडते ते करून घालतात. त्यात त्यांचा दोष नाही. परंतु त्यामुळेच गावोगाव तोच गोड नान आणि तेच बटर चिकन भेटते. उलट जेथे भारतीय माणसे कामाच्या दिवशी, रोजचे जेवण म्हणून जेवावयास येतात, तेथील आचाऱ्याला चूक करून चालत नाही. टोकियोच्या एदोगावा भागातील निशी-कासाई येथे २००० सालच्या सुमारास संगणक अभियंते मोठ्या संख्येने येऊन राहिले आणि त्यांच्या मागोमाग किराणा व उपाहारगृहे आली. याच एदोगावाच्या स्थानिक सभेवर २०१९ साली महाराष्ट्रातून गेलेले श्री. योगेंद्र पुराणिक निवडून आले. जेथे आपली मराठी माणसे मते मागण्याइतकी रुजली, तेथे वरणभात मिळण्याची आशा धरावयास हरकत नाही.

दुसरी गोष्ट अशी, की जेथे जैन व्यापारी असतील तेथे आपण जावे. टोकियोत उएनोजवळच्या ओकाचिमाची भागात जवाहिऱ्यांची पेठ आहे. तेथे भारतीय रत्नव्यापाऱ्यांचा राबता असल्यामुळे शाकाहारी जेवण मिळते. कोबे शहरात मोत्यांच्या व्यापारामुळे तशीच वस्ती झाली असून १९८५ सालापासून तेथे जैन मंदिर आहे. ज्या स्वयंपाकघरात मांसच शिजत नाही, तेथे आपल्या निम्म्या शंका दाराबाहेरच राहतात. डोसा, डाळ, भाजी, भात एवढे मिळाले तरी परदेशी तो सण समजावा.

तिसरी गोष्ट, विचारण्याची लाज बाळगू नये. ‘मांस नको’ एवढेच सांगितले तर मांसाचा तुकडा बाजूला काढून त्याच रश्शात भाजी वाढली जाण्याचा संभव असतो. म्हणून ‘बुता’ म्हणजे डुक्कर, ‘एबी’ म्हणजे कोळंबी आणि ‘कानी’ म्हणजे खेकडा हे तीन शब्द पाठ करून ठेवावेत आणि प्रत्येकाविषयी स्वतंत्र चौकशी करावी. डबाबंद खाद्यपदार्थांवर कोळंबी, खेकडा आणि दूध यांचा उल्लेख तेथील कायद्याने आवश्यक आहे. डुकराच्या व गाईच्या मांसाविषयीची तशी सूचना मात्र ऐच्छिक आहे. तेव्हा घटकांची सगळी यादी कोणाकडून तरी वाचवून घ्यावी. ‘हलाल’ पाटी पाहून काही जण समाधान मानतात. डुकराची भीती तीमुळे जाते, हे खरे; पण हलाल म्हणजे काशेर नव्हे.

ज्या कुटुंबांत काशेरचे नियम काटेकोरपणे पाळले जातात, त्यांना हे एवढे पुरणार नाही, याची आम्हांस जाणीव आहे. त्यांनी टोकियोतील हिरो भागातल्या यहुदी समाजकेंद्राशी अगोदर पत्रव्यवहार करावा. कोबेत ओहेल शेलोमो सिनेगॉग आहे. शब्बाथची तेफिल्ला आणि भारतीय जेवण या दोहोंची सोय एकाच शहरात व्हावी, असे भाग्य परदेशी थोडक्याच ठिकाणी लाभते.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतील. तरुण मंडळी म्हणतील, चार दिवसांच्या सहलीत एवढे सोवळे कशाला? वडीलधारी मंडळी म्हणतील, घरून खाकरे व पोहे न्यावेत, बाहेरचे शिवूच नये. दोघांनाही आमचे एकच सांगणे आहे. आपले पूर्वज शेजाऱ्यांच्या देशात राहिले, शेजाऱ्यांचा नारळ, कोकम, तांदूळ त्यांनी आपलासा केला. आणि प्रत्येक पदार्थ चुलीवर चढविण्यापूर्वी तो आपल्याला चालतो काय, हे विचारले. त्यांनी दार लावून घेतले नाही आणि प्रश्नही सोडला नाही. प्रवासात हीच वाट सर्वांत सुरक्षित आहे.

शेवटी त्या नातवाविषयी. त्याचा आम्हांस राग येत नाही. ‘इंडियन’ म्हणजे बटर चिकन, हे तो जपानमध्ये शिकला नाही. ते तो येथे अमेरिकेत, आमच्या डोळ्यांदेखत शिकला. बॉथेलच्या आसपास भारतीय उपाहारगृहांची वाण नाही, आणि रविवारी दमलेले आईबाप मुलांना तेथेच नेतात. आपल्या माशाच्या कालवणाची, नारळाच्या दुधातल्या मटणाची पाटी मात्र जगात कोठे दिसत नाही. रासबिहारींची करी त्यांच्यामागे टिकली, कारण तिच्यामागे एक दुकान उभे होते. आपल्या कालवणामागे केवळ आजीचे हात आहेत. ते हात थांबले की जपानमध्ये काय, मुंबईतही ते शोधून मिळणार नाही.

म्हणून आमची समाजबंधु-भगिनींस नम्र विनंती आहे. जपानला अवश्य जावे, चांगली करी अवश्य शोधावी. परंतु निघण्यापूर्वीच्या एखाद्या रविवारी मुलांना आजीजवळ बसवावे, नारळ त्यांच्याकडून खववून घ्यावा, त्याचे दूध त्यांच्या हातांनी काढवावे आणि दह्याऐवजी ते का, हे त्यांस सांगावे. मग परदेशात कोणी त्यांच्यापुढे ‘इंडियन’ म्हणून ताट ठेवले, तर त्यातले आपले कोणते, हे त्यांस आजीला विचारावे लागणार नाही.