पोराचं डोकं वारंवार दुखतंय? नुसत्या गोळीनं भागणार नाही

शाळा सुरू झाली की 'डोकं दुखतंय' ही तक्रार गावोगाव ऐकू येते. घरचे काय करतात? कोणी म्हणतं, अभ्यास नको म्हणून नाटकं करतंय. कोणी दृष्ट काढतं. नाहीतर किराणा दुकानातून गोळी येते. दुखतंय का, हे मात्र पोराला कोणीच समजावून सांगत नाही.

परदेशात आता नेमकं हेच शिकवतात, तेही मोबाईलवर. अमेरिकेत सिॲटलच्या संशोधकांनी जुनाट दुखण्याच्या मुलांसाठी ऑनलाईन धडे तयार केले. मुलांचे वेगळे, आईबापांचे वेगळे.

त्यात सांगतात काय? आपल्या भाषेत सांगायचं तर शेताच्या झटका मशीनसारखं. सायरन रानडुक्कर आलं की वाजतो, पण कधी तारेला गवत टेकलं तरी वाजतो. आवाज खराच असतो, डुक्कर मात्र नसतं. तसंच पोराचं दुखणं खरं असतं, पण दरवेळी आत काही बिघडलंय असं नाही. हे कळलं की भीती कमी होते.

औषधाचं काय? ८ ते १७ वर्षांच्या मायग्रेनच्या मुलांवर अमेरिकेत मोठी चाचणी झाली, निकाल २०१७ ला आला. रोज घ्यायच्या दोन औषधांनी ५२ आणि ५५ टक्के मुलांचे दुखण्याचे दिवस निम्मे किंवा त्याहून कमी झाले. औषधच नसलेल्या गोळीनं ६१ टक्क्यांचे! म्हणून डॉक्टरांनी दिलेलं औषध परस्पर बंद करू नका. पण सगळी भिस्त गोळीवर नको, एवढं यातून दिसतं.

नुसत्या माहितीनंही भागत नाही. २०१३ च्या १३५ मुलांच्या अभ्यासात सगळ्यांना औषध होतंच. सोबत फक्त माहिती मिळालेल्यांचे दुखण्याचे दिवस २८ दिवसांमागे ६.८ ने घटले. ज्यांच्याकडून श्वास, आराम, विचार बदलणं याचा सराव करून घेतला, त्यांचे ११.५ ने. म्हणजे व्हिडिओ पाठवला आणि काम झालं, असं नाही.

आपल्याकडे अडचण वेगळी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा येतं. त्या दिवशी डोकं दुखत नसलं तर विषयच निघत नाही. पोरं सकाळी नुसत्या चहावर एसटी गाठतात. शौचालय धड नसलं की मुली पाणीच पीत नाहीत. रात्री उशिरापर्यंत मोबाईल. उपाशी पोट, कमी पाणी, अपुरी झोप ही डोकेदुखीची नेहमीची कारणं. ऑनलाईन धडा ती हटवणार नाही, ते काम घर आणि शाळेचं.

घरी एवढं करा. कॅलेंडरवर दुखण्याचा दिवस, जेवण आणि झोप लिहा. साधी वेदनाशामक गोळीही महिन्यात १५ दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांवर चाललं तर गोळीनंच डोकं दुखायला लागतं. मुलांना ॲस्पिरिन तर मनानं देऊच नका. ताप येऊन मान आखडली, सकाळी उठताच उलट्या, झटके, अंधुक दिसणं, हातापायातली ताकद जाणं किंवा डोक्याला मार लागल्यावर दुखणं असेल, तर थेट दवाखाना गाठा.

आरोग्य आणि शिक्षण खात्यानं असे धडे सोप्या मराठीत करून शाळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकावेत. सराव करून घ्यायला शिक्षकांना आणि आशाताईंना शिकवावं. पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय मांडायला हरकत नाही. सोबत पाण्याचा आणि शौचालयाचाही.